घळ भरलेली होती

ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. पुढे गिऱ्हाइकाने फ्रेम निवडली की ती फ्रेम मागे तिच्याकडे यायची, आणि काचेची कड खाचेत नेमकी बसेपर्यंत ती यंत्राच्या चाकावर हळूहळू उतरवायची. केसभर जास्त घासली गेली की काच वाया. बारा वर्षांत तिच्या हातून फार थोड्या काचा वाया गेल्या होत्या. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या बाईंचा हात हलत नाही आणि आवाज चढत नाही."

त्या न चढणाऱ्या आवाजामुळेच डोंगरातल्या बचाव पथकाने तिला वायरलेसवर बसवलं. तिचा नवरा पथकात आधीपासून होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून पथकात त्याचं नाव 'लिफ्ट' पडलं होतं. "आठवडाभर माणसं वर न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी खाली आणायची, जन्मात दुसरं काही केलं नाही याने," असं बेकरीवाला म्हणायचा. हा बेकरीवाला आणि एका दवाखान्यातला कंपाउंडर हे लिफ्टचे दोराचे सोबती. तिचा दीरही पथकात होता. त्याला सगळे नुसतं 'धाकटा' म्हणत. आणि सगळ्यांच्या वर मास्तर, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले.

मास्तरांचा एक नियम होता. सेटवर नवरा-बायको नाहीत. तो लिफ्ट, ती बेस. घरी काय लाडीगोडी करायची ती करा, इथे कामाचं बोला आणि सेट बंद करा, बॅटरी फुकटची नाही. पाच वर्षं दोघांनी तो नियम पाळला होता.

त्या दिवशी सकाळी दुकानात फोन आला तेव्हा तिच्या चाकावर एका म्हाताऱ्याची काच होती. उत्तरेकडच्या कड्यावर दोघेजण चढत होते. त्यातली एक बाई पडली, मांडीचं हाड मोडलं. तिचा सोबती तिला एका अरुंद कपारीत ठेवून, तिला बांधून, एकटा खाली उतरून आला होता. त्याला धड बोलताही येत नव्हतं. तिने काच पूर्ण केली, पुसली, डबीत ठेवली आणि निघाली.

रस्ता संपतो तिथे दगडी भिंतींची एक झोपडी होती. एक खोली, एक शेगडी, चार बाकं, खिडकीशी टेबल आणि टेबलावर सेट. तिथून कड्यापर्यंत जायला एकच वाट: आधी बर्फाने भरलेली लांब अरुंद घळ, दोन तासांची, ती संपली की खडक. लिफ्ट, बेकरीवाला आणि कंपाउंडर दहाच्या सुमाराला निघाले. दोन तुकड्यांचं स्ट्रेचर दोघांनी पाठीवर वाटून घेतलं होतं. निघताना नवऱ्याने तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली. घाईत रोजच्यासारखीच.

साडेतीनला सेट बोलला.

"बेस, लिफ्ट बोलतोय. पोचलो. बाई शुद्धीवर आहे. पण एक घोळ झालाय. वरून दगड आला. बेकरीवाल्याच्या खांद्याचं हाड गेलं आणि त्याच्या पाठीवरचं अर्धं स्ट्रेचर खाली गेलं. ओव्हर."

"बेकरीवाला चालू शकतो का? ओव्हर."

"दोराला धरून, हो. कंपाउंडर त्याला घेऊन उतरेल, उजेड आहे तोवर. मी बाईजवळ थांबतो. उद्या दुसरं स्ट्रेचर आणि चार माणसं पाठवा. ओव्हर."

मास्तर तिच्या मागे उभे होते. त्यांनी हवामान खात्याचा कागद तिच्यापुढे धरला. संध्याकाळपासून वादळ, दोन दिवस. तिने तो जसाच्या तसा वाचून दाखवला. मग मास्तरांनीच तिच्या हातातून सेट घेतला.

"लिफ्ट, तू त्या दोघांबरोबर उतरू शकतोस. तुला कुणी बोल लावणार नाही. ओव्हर."

"मास्तर, ही बाई घाबरलीय. तिला एकटीला इथे बांधून मी खाली आलो, तर उद्यापासून मी तोंड कुठे लपवू? राहू द्या. माझ्याकडे कापडी पिशवी आहे, आम्ही दोघं मावतो तिच्यात. ओव्हर."

मग सेटवर दुसराच आवाज आला. बारीक, शिकवल्यासारखा स्पष्ट. ती बाई कॉलेजात गणित शिकवायची, हे त्यांना नंतर कळलं.

"हॅलो. तुम्ही जे कोणी आहात, यांना जायला सांगा. मला खरंच चालेल. हे ऐकत नाहीयेत."

आपण कुणाच्या बायकोशी बोलतोय हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. इकडे बेसवर तिच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, "ते तसं ऐकणाऱ्यातले नाहीत. तुम्ही पाय हलवू नका आणि झोपू नका. ओव्हर."

कंपाउंडर बेकरीवाल्याला घेऊन अंधार पडायच्या आत खाली पोचला. दोघांच्या भुवयांवर बर्फ होतं. बेकरीवाला बाकावर बसला आणि बूटही न काढता रडायला लागला. "मी त्याचं स्ट्रेचर पाडलं," एवढंच तो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दर दोन तासांनी पाच मिनिटं सेट चालू करायचा असं ठरलं होतं. सकाळी आठला लिफ्ट बोलला. बाई झोपलीय, म्हणाला. ठीक आहे. माझे पाय जरा बधिर झालेत. दहाला बोलला. बाई झोपलीय, ठीक आहे. बारालाही तेच.

तोवर चारजण तयार होऊन बाकावर बसले होते. बूट चढवलेले, दोर गुंडाळलेले, नवं स्ट्रेचर दाराशी. सगळ्यात पुढे धाकटा, शेवटी कंपाउंडर. मास्तर दार उघडून पुन्हापुन्हा बाहेर जात आणि अंगावर बर्फ घेऊन आत येत.

"घळीत छातीइतकं ताजं बर्फ आहे," ते म्हणाले. "खालचा थर घसरडा, वरचा जड. एक माणूस शिंकला तरी सगळी घळ खाली येईल. आज कुणी जाणार नाही."

"मी जाणार," धाकटा म्हणाला.

"मी पथकाचा प्रमुख आहे."

"असाल. वर भाऊ माझा आहे. मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो, तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार. वहिनीने नाही म्हटलं तरच थांबेन."

खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मास्तरांचीही. त्यांनी नजर तिच्यावर ठेवली नाही, पण काढूनही घेतली नाही. आयुष्यभर पोरांना उत्तरं विचारलेला तो माणूस तेव्हा स्वतःच उत्तराची वाट पाहत होता.

"दोनला त्याच्याशी बोलते," ती म्हणाली. "मग सांगते."

मधल्या वेळात झोपडीतला फोन वाजला. सासूबाई होत्या. शेजारणीकडून सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"धाकटा कुठाय?"

"इथे आहे, आई. बूट घालून बसलाय."



"त्याला जाऊ देऊ नकोस, असं माझ्या तोंडून निघत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "थोरला वर आहे. आणि जाऊ दे, असंही निघत नाही. दोन्ही माझेच. तू बघ. तू तिथे आहेस. तू काय ते ठरव."

तिने फोन ठेवला. दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी हात काढून घेतले होते, आणि मधोमध ती एकटी उरली होती.

दोन वाजता सेट लावला. नवऱ्याचा आवाज जड झाला होता. दात काढून ठेवलेला माणूस बोलावा तसा.

"बेस, घळीतून आवाज येतोय. मोठा. बर्फ बसतंय आणि तडकतंय. माझ्या डोळ्यांसमोर भरलीय ती. कुणाला पाठवू नकोस. ओव्हर."

"तुझे पाय? ओव्हर."

"पायांचं सोड. धाकटा तिथेच असेल, बूट घालून. ओळखतो मी त्याला. मास्तरांना तो जुमानणार नाही. तुझं ऐकेल. अगं, तू सांग त्याला. तू सांगितलंस तरच ऐकेल."

'अगं' तो सेटवर पहिल्यांदाच म्हणाला होता. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले.

"सांगते," ती म्हणाली. "ओव्हर."

सेट बंद करून ती वळली. धाकटा समोरच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तरीही तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. गणिताच्या वहीत तिची सही घेऊन जायचा, आईला मार्क कळू नयेत म्हणून.

"नाही," ती म्हणाली.

"वहिनी, एकदा घळीच्या तोंडापर्यंत जाऊन बघतो. नुसतं बघतो."

"तू नुसतं बघून परत येणारा नाहीस. बूट काढ."

"तो मरेल वर."

"बूट काढ, म्हटलं ना."

तिचा आवाज चढला नाही. तो खाली बसला, पण नाडीची गाठ त्याला सुटेना. शेवटी कंपाउंडरने खाली वाकून ती सोडवली. बाकीच्या तिघांनीही बूट काढले. त्यातला एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर त्याने कुणाला तरी सांगितलं म्हणे, की त्या क्षणी त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की स्वतःची किळस आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वारा पडला. हवामान खात्याने संध्याकाळपर्यंत वादळ सांगितलं होतं, पण खिडकीबाहेर घळीचं तोंड लख्ख दिसत होतं. वर निळा तुकडा. धाकटा रात्रभर झोपला नव्हता. तो एका उडीत उठला.

"आता काय म्हणतेस?"

तिने वेळेच्या आधीच सेट लावला. पलीकडचा सेटही चालूच होता, पण नवऱ्याने उत्तर द्यायला फार वेळ घेतला.

"इथे ऊन आहे," तो म्हणाला. "छान आहे. घळ... घळ अजून तशीच आहे. पडलेली नाही. म्हणजे पडायचीय. ओव्हर."

"बाई कशा आहेत? ओव्हर."

"झोपलीय. ठीक आहे."

मास्तरांनी ऊन पाहिलं, घळ पाहिली आणि हळूच म्हणाले, "ऊन लागलं की जास्त वाईट. पण मी तुला काही सांगत नाही, पोरी. मला आता काहीच सांगता येत नाही."

तिने खिडकीतून त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. गुळगुळीत होता, एक ओरखडा नव्हता. चार माणसं. त्यातल्या एकाला दोन लहान मुली. एकाची आई अंथरुणावर. एक तिचा दीर. आणि वर दोघं, त्यातला एक तिचा. तिने मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून पाहिली, पुन्हा करून पाहिली. प्रत्येक वेळी तिचं मन एकाच बाजूला झुकत होतं आणि म्हणूनच तिचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. त्याला खाली आणा, हे शब्द अगदी दातांशी आले होते. ते बाहेर पडले असते तर चौघंही उठले असते. एकानेही प्रश्न विचारला नसता. तिला त्याचीच भीती वाटली.

"नाही," ती म्हणाली. "घळ पडू दे. मग जा."

धाकट्याने हातातला दोर जमिनीवर टाकला. फेकला नाही, नुसता सोडला. आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

आठला नवरा दोनच शब्द बोलला, तेही कळले नाहीत. दहाला सेटवर नुसती खरखर होती. ती पाच मिनिटं बोलवत राहिली. मग आणखी पाच. मग मास्तरांनी येऊन बटण बंद केलं, आणि तिने ते पुन्हा चालू केलं.

सव्वादोनला घळ पडली. आधी खिडकीची काच थरथरली, मग लांबून ट्रक यावा तसा आवाज, मग सगळीकडे पांढरी धूळ. धूळ खाली बसली तेव्हा घळीच्या तोंडाशी दोन मजले उंच ढीग होता. बेकरीवाला गळ्यात हात बांधून दारात उभा होता. "बाप रे," तो हळूच म्हणाला. कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर चौघं निघाले. घळ आता स्वच्छ, टणक झाली होती; जिन्यासारखी. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी दोघांनाही खाली आणलं.

कंपाउंडर तिला झोपडीमागे घेऊन गेला. तिथे लाकडं रचून ठेवली होती. तो त्यांच्याकडे पाहूनच बोलत होता.

"त्याचं जाकीट बाईच्या अंगावर होतं. हातमोजेही. टोपीसुद्धा. तो तिच्या आणि वाऱ्याच्या मध्ये बसला होता." मग तो थांबला. "एक सांगायचंय. कधीतरी कळेलच. बाई त्याच्या आधी गेली. बरंच आधी. मी रोज बघतो, मला कळतं. पहिल्याच रात्री गेली असणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पण तो दोन दिवस सांगत होता, ठीक आहे म्हणून."

"हो."

"आणि जाकीट?"

"काढून घेतलं नव्हतं त्याने. बटणंही लावलेलीच होती."

तो खोटं का बोलला, हे कुणालाच नक्की कळलं नाही. मास्तर म्हणाले, बाई गेली असं कळलं असतं तर आपल्याला सगळंच फुकट वाटलं असतं, ते त्याला नको असेल. बेकरीवाला म्हणाला, त्याला एकट्याला तिथे राहणं सोसलं नसेल, म्हणून तो तिला जिवंत धरून बसला. तिला स्वतःला तिसरंच वाटे. बाई गेली, आता मी एकटाच उरलोय, असं तो बोलला असता तर कदाचित आपण पाठवलं असतं धाकट्याला. परकी बाई मध्ये होती तोवर ते पथकाचं काम होतं आणि नाही म्हणता आलं; नुसता नवरा उरला असता तर ते जमलं नसतं. त्याला ते माहीत होतं. तो आपल्याला पुरता ओळखून होता.

हा विचार ती कुणाजवळ बोलली नाही.

त्या बाईचे वडील एकदा येऊन गेले. हातात काय घेऊन यावं ते त्यांना कळलं नव्हतं, म्हणून रिकाम्या हातांनीच आले होते. "आमच्या मुलीमुळे तुमचा माणूस गेला," एवढं म्हणून ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी तो सगळा प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गेले.

पथकात त्या वेळेचा हिशेब लोक वर्षभर मांडत राहिले. सातला निघाले असते तर नऊला घळीच्या माथ्यावर, बाराला कपारीपाशी, अर्ध्या तासात बांधाबांध. परत येताना सव्वादोनला नेमके कुठे असते? मास्तर म्हणत, घळीच्या मधोमध. आणि मुळात जातानाच चौघांच्या वजनाने ती खाली आली असती. धाकटा म्हणे, माथ्यावर असतो, आवाज ऐकून थांबलो असतो. तो नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीने पुन्हापुन्हा तेच मोजायचा. एकदा रविवारी सकाळी तो तिच्या घरीही नकाशा घेऊन आला.

"हे बघ वहिनी. मी परवा स्वतः चढून आलो, घड्याळ लावून. एक तास पन्नास मिनिटं. दोन तास नाही. म्हणजे दहा मिनिटं आणखी वाचतात."

"तेव्हा बर्फ छातीइतकं होतं, रे."

"धरलंय ते मी."

"धरलंस?"

"धरलं." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, मी तुला दोष देत नाही. मला फक्त एवढं सांग, त्या सकाळी तू माझा विचार करत होतीस की त्याचा?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"त्याचा," ती म्हणाली. "म्हणूनच नाही म्हटलं. माझं मन त्याच्याकडे इतकं ओढत होतं, की त्या मनाचं ऐकायची मला भीती वाटली."

धाकट्याने नकाशा घडी करून खिशात घातला. पुढच्या महिन्यात त्याने पथक सोडलं, आणि सपाटीवरच्या, डोंगर दिसतही नाहीत अशा एका गावात नोकरी धरली. आईला तो दर आठवड्याला फोन करी. वहिनीला बोलाव, असं कधी म्हणाला नाही.

ती दुकानात जात राहिली. पहिल्या महिन्यात तिने चौदा काचा वाया घालवल्या. मालक काही बोलला नाही. तेच तर दुःख होतं, की आता तिला कुणीच काही बोलत नसे. पथकातल्या त्या तिघांपैकी एकाची बायको रस्त्यात भेटली की तिचे हात हातात घेई आणि दोन्ही मुलींना पुढे करून म्हणे, "काकूंना नमस्कार करा." तिला ते सहन होत नसे. ती रस्ता बदलून जाऊ लागली.

हिवाळ्याच्या तोंडाशी मास्तर आले. सेटवर कुणी चांगलं माणूस मिळत नाही, म्हणाले.

"मला जमणार नाही, मास्तर."

"तू चुकली नाहीस, पोरी."

"ते तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि मी रोज सकाळी सातला उठते." मास्तर उठले. दाराशी त्यांना चपला सापडेनात. त्या त्यांच्या पायातच होत्या.

त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडत होत्या. गेलं वर्षभर दोघी एकाच घरात, एकमेकींना लागेल ते देत-घेत, पण त्या विषयावर चकार शब्द न काढता राहत होत्या. सासूबाईंनी मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"एक सांगू? त्या दिवशी तू धाकट्याला पाठवलं असतंस आणि तो गेला असता, तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं."

"माहीत आहे, आई."

"तू नाही पाठवलंस. तो वाचला. जेवतो-खातो आहे, देवदयेने. मी रोज स्वतःला समजावते, हिने माझा एक तरी मुलगा ठेवला. आणि तरी तुझ्याकडे बघितलं की..." त्यांनी हातातली काडी मोडली. "जमत नाही गं मला. मीच तुला ठरव म्हटलं होतं, ते सुद्धा आठवतं. तरी जमत नाही. माझ्यातच काही कमी असेल."

ती त्यांच्या समोर खाली बसली. तिने परातीतली अर्धी भाजी आपल्याकडे ओढली आणि निवडायला लागली. मातीचा वास येत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती.

"मी दुसरीकडे खोली बघू का, आई?" तिने विचारलं.

सासूबाईंनी निवडलेली भाजी एका बाजूला सारली.

"बघ," त्या म्हणाल्या.